बर्फ कुठे थांबले होते

२००९ च्या गणेशोत्सवात लखनौच्या आमच्या मराठी मंडळींनी मला मुलांसमोर बोलायला उभे केले. विषय मीच निवडला होता: हिमालयातल्या हिमनद्या. चौकातल्या गलाईवाल्यांची मुले, रेल्वेतल्या आणि बँकांतल्या बदलीच्या माणसांची मुले, अशी तीस-चाळीस असतील. मी त्यांना सांगितले की २०३५ सालापर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपतील आणि मग आपली गोमती आटेल. मुले एकदम गप्प झाली. पुढे बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "तेव्हा मी पस्तीस वर्षांची असेन." त्या शांततेने मला बरे वाटले होते, हे आज कबूल करतो. बोलणाऱ्याला अशी शांतता क्वचित मिळते.

गेल्या हिवाळ्यात तीच मुलगी घरी आली. ती आता भूशास्त्रात संशोधन करते, हिमालयातल्या एका तळ्याच्या गाळावर. चहा झाल्यावर म्हणाली, "काका, त्या गणपतीत तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चूक होत्या. मला एम. एस्सी.ला कळलं. तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, "पहिली चार-पाच महिन्यांनी कळली. दुसरी तर बोलण्याआधीच माहीत असायला हवी होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

या प्रश्नाला मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते मलाच पटले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी चुका सांगतो. २०३५ हा आकडा माझ्या मनातला नव्हता. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात तो छापलेला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा एक चर्चानिबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या इतक्या झपाट्याने संपत असल्याचा पुरावा नाही, असे त्यात होते. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याची जादूटोण्यात गणना केली. पण जानेवारी २०१० मध्ये मंडळालाच २०३५ चे विधान मागे घ्यावे लागले. तो आकडा तपासलेल्या शोधनिबंधातून आलेला नव्हता. एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालातून आणि त्यामागे एका विज्ञान-साप्ताहिकातल्या बातमीतून तो चालत आला होता. १९९६ च्या एका जुन्या अहवालात ध्रुवांबाहेरचे बर्फ किती उरेल याचा अंदाज होता, त्यात साल २३५० असे होते. अंकांची अदलाबदल झाली असावी, असेही काहींनी सुचवले.

गोमतीची चूक मात्र पूर्णपणे माझी. गोमती हिमनदीतून निघतच नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांडा गावाजवळच्या तळ्यातून ती निघते आणि भूजलावर व पावसावर वाहते. हिमालयातले सगळे बर्फ गेले तरी त्या कारणाने गोमती आटणार नाही. लखनौत इतकी वर्षे राहून मी हे तपासले नव्हते, कारण वाक्य चांगले जमले होते. वाईट याचे वाटते की खरी गोष्ट हाताशी होती. शहराच्या काही भागांना पाणी येते ते शारदेच्या कालव्याचे, आणि शारदेला वर मिळणारी गोरीगंगा मिलमच्या हिमनदीतून निघते. म्हणजे लखनौचा बर्फाशी संबंध नळातून आहे. खरे सांगूनही मुलांना तेवढाच विचार करायला लावता आला असता.

२०१० च्या गणेशोत्सवात मी चूक दुरुस्त करू शकलो असतो. केली नाही. मनात असे होते की बर्फ मागे हटते आहे हे तर खरेच आहे. दिशा बरोबर असेल तर आकड्याचे काय एवढे? मुलांना भीती वाटली तर चांगलेच आहे. शिवाय मी चूक कबूल केली, तर ज्यांना काहीच करायचे नाही त्यांच्या हाती कोलीत मिळेल. हा युक्तिवाद मी अजूनही निव्वळ मूर्खपणाचा मानत नाही. चांगली माणसे रोज तो करतात. तो कुठे चुकतो, हे मला बर्फाच्या इतिहासाकडे बघताना कळले.

मी मूळचा चंद्रपूरचा. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसपर्यंत चढणारे आमचे गाव. तिथल्या माणसाला इथे एकेकाळी बर्फ होते म्हटले तर तो हसेल. पण भारतातल्या प्राचीन बर्फाचा एक महत्त्वाचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात सापडला. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ओरिसातल्या तालचेरच्या कोळसाक्षेत्राचे वर्णन करताना एका विचित्र थराची नोंद केली होती. बारीक चिखलात मोठमोठे गोटे रुतलेले. नदी अशी मिसळ करत नाही. तिचा जोर असतो तेव्हा ती गोटे टाकते आणि जोर ओसरला की चिखल. दोन्ही एकत्र वाहून आणून टाकायला बर्फ लागते, असे त्यांनी सुचवले. उष्ण प्रदेशात बर्फ ही कल्पना पुष्कळांना पचली नाही. मग १८७५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांनी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, इरई गावाजवळ, याच थराच्या खालचा चुनखडीचा खडक उघडा पडलेला पाहिला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. वरच्या थरातल्या गोट्यांवरही तसेच ओरखडे. तळाशी दगड धरून सरकणारे बर्फ खडकावर असे ओरखडे उमटवते.

हे बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाकडे होता, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना लागून. त्या खंडांतही त्याच काळातले तसेच थर सापडतात. पण १८७५ मध्ये फेडन यांना खंड सरकतात हे माहीत नव्हते. ते एवढेच सांगू शकत होते की इथे बर्फ घासत गेले आहे. ते कुठून आले, चांद्याला कसे आले, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि उत्तर नाही म्हणून त्यांनी ओरखडे नाकारले नाहीत. उत्तर मिळायला पुढे कित्येक दशके गेली. त्यांचे निरीक्षण मात्र तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे.

हटत्या बर्फाचा इतिहास लिहिणे यापेक्षा अवघड. हिमनदी पुढे सरकताना दगडमाती ढकलत नेते, आणि तिचे टोक एका जागी बराच काळ थांबले की तिथे तिचा बांध तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला हिमोढ म्हणतो. बर्फ मागे गेले की बांध उरतो. म्हणजे हिमोढ सांगतो ते बर्फ कुठे थांबले होते ते. जिथून ते न थांबता पळत मागे गेले तिथे फारसे काही उरत नाही. शिवाय नंतर कधी बर्फ पुन्हा जास्त पुढे आले, तर ते आधीचे सगळे बांध मोडून टाकते. दरीत आज पाच हिमोढ दिसत असतील तर बर्फ पाचच वेळा आले-गेले असे म्हणता येत नाही. नंतरच्या बर्फाने मोडले नाहीत असे पाच उरले, एवढेच म्हणता येते.

भागीरथीच्या खोऱ्यात हे पाहता येते. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे टोक, १९३५ मध्ये जे. बी. ऑडन यांनी मोजून नकाशावर घेतले. सर्वेक्षणातले हे भूवैज्ञानिक कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ. त्यांच्या मोजणीमुळे तेव्हापासून टोक किती मागे गेले ते सांगता येते: सरासरीने वर्षाला वीसेक मीटर, पण दर वर्षी सारखे नाही. १९३५ च्या आधीचे मात्र कोणी मोजलेले नाही. तिथून पुढे हिमोढांचीच साक्ष घ्यावी लागते. हिमोढ गोमुखाच्या कितीतरी खाली, दरीत दूरवर सापडतात. त्यांचे वय काढायची एक रीत अशी: दगडावरचे बर्फ गेले की त्यावर अंतराळातून येणाऱ्या किरणांचा मारा सुरू होतो, आणि गारगोटीच्या कणांत बेरिलियम-१० नावाचा अणू थोडा थोडा साठत जातो. तो मोजला की दगड किती वर्षे उघड्यावर आहे ते कळते. पण दगड बर्फाखाली जाण्याआधीही उघड्यावर असेल तर वय जास्त येते. मध्ये तो गडगडला असेल किंवा मातीखाली गेला असेल तर कमी येते. एकाच बांधावरचे दोन दगड हजारो वर्षांचा फरक दाखवू शकतात.

तळ्याच्या गाळाचेही असेच. बर्फ हटले, खड्ड्यात पाणी साठले, शेवाळ उगवले, मेले, तळाशी बसले. त्यातल्या कार्बनवरून वय काढता येते. पण ते वय म्हणजे बर्फ हटल्याची तारीख नसते. बर्फ त्याआधी कधीतरी हटले, एवढेच ते सांगते. अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री केंद्राजवळ शिर्माखर नावाचा उघडा खडकाळ पट्टा आहे आणि त्यात शंभरावर तळी. तिथली हिमचादर कशी मागे हटली ते या तळ्यांच्या गाळावरून जुळवतात, आणि इथल्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनीही तिथल्या परागकणांवर काम केले आहे. त्या भागात फुलझाडे नाहीत. मिळणारे परागकण दूरच्या भूभागांवरून वाऱ्याने आलेले. म्हणजे साक्षीदारही बाहेरगावचा.

हे सगळे मी त्या मुलीकडून शिकलो. तिच्या वहीत प्रत्येक वयापुढे अधिक-उणे असा एक आकडा होता. मी विचारले, हा लिहिला नाही तर? ती म्हणाली, "मग ते माप राहत नाही, काका. नुसता आकडा राहतो."

तिच्याबरोबर मी युनिव्हर्सिटी रोडवरच्या साहनी संस्थेत गेलो. तिथली कोनशिला पाहण्यासारखी आहे. बिरबल साहनींनी जीवाश्म बसवून ती तयार केली होती. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसवली गेली आणि आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी गेले. त्यांची समाधी आवारातच आहे. पुढे संस्था उभी राहिली ती सावित्री साहनी यांच्या निर्धारामुळे.

कोनशिलेपुढे उभे असताना मला त्यांच्या एका चुकीची आठवण झाली. आपण उपवासाला सैंधव वापरतो ते आता पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतले. त्या मिठाचे वय काय, यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. साहनींना त्या खडकात लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांचे अवशेष सापडले. अशी झाडे फार नंतरची, म्हणून मीठ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, असे त्यांनी ठामपणे मांडले. आज ते पन्नास कोटी वर्षांहून जुने मानले जाते. ते तुकडे नंतर कसे तरी खडकात शिरलेले असावेत. साहनी निष्काळजी नव्हते. पण पुरावा हाती असणे आणि तो मुळात तिथलाच असणे यांत अंतर असते, आणि मोठ्या माणसालाही ते कधी दिसत नाही. तरी त्यांचा पुरावा छापलेला होता, युक्तिवाद उघड होता, म्हणून पुढच्यांना तो तपासता आला. २०३५ चा आकडा असा तपासता येत नव्हता. त्याच्या मागे जावे तो दुसरा अहवाल, त्याच्या मागे बातमी आणि बातमीमागे कोणाचे तरी बोलणे. दोन चुकांमध्ये मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. माझी चूक दुसऱ्या जातीची होती.

आता माझ्या युक्तिवादाकडे येतो. दिशा बरोबर असेल तर आकड्याचे काय? याला एक उत्तर व्यवहाराचे आहे आणि ते घडून गेले. २०३५ खोटे ठरले तेव्हा पुष्कळांनी बाकीचेही खोटे ठरवून टाकले. अमेरिकेच्या जुन्या हेर-उपग्रहांची छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांच्या आधारे हिमालयातल्या ६५० मोठ्या हिमनद्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात जेवढ्या वेगाने बर्फ घटत होते त्याच्या दुप्पट वेगाने ते २००० नंतर घटले, असे त्यात दिसले. ही खरी गोष्ट. पण ती सांगू लागलो की समोरचा विचारतो, "तेच ना, २०३५ वाले?" आणि मला गप्प बसावे लागते.

तरी हे उत्तर मला अपुरे वाटते. पकडले गेलो म्हणून वाईट, असा त्याचा अर्थ होतो. कोणी पकडले नसते तर? त्या मुलीने बोटांवर आपले वय मोजले होते, ते मला जास्त लागते. माझ्या शब्दावर तिने आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला. मला जेवढे माहीत होते तेवढेच तिला मिळायला हवे होते, म्हणजे किती घाबरायचे ते तिने ठरवले असते. ते मी तिच्यासाठी परस्पर ठरवून टाकले. ऐकणारे मूल लहान आहे म्हणून हे क्षम्य होत नाही. उलट त्याला तपासण्याचे दुसरे साधन नसते.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अधिक-उणे दिसले की काही लोक खूश होतात. तुम्हालाच नक्की माहीत नाही ना, मग आम्ही कशाला काही करायचे? हीसुद्धा पुराव्याशी बेइमानीच. तळ्याचा गाळ बर्फ नक्की कधी हटले ते सांगत नाही, पण अमुक काळापूर्वी हटले हे नक्की सांगतो. कधी याबद्दलची शंका म्हणजे घडले की नाही याबद्दलची शंका नव्हे. ज्या अंदाजाला दोन टोके आहेत त्याचे सौम्य टोकही कधी कधी पुरेसे गंभीर असते.

आणि आमच्या चंद्रपूरला तर अंग काढून घेता येत नाही. तीस कोटी वर्षांपूर्वीचे ते बर्फ हटले, त्या जमिनीवर पुढे ग्लॉसॉप्टेरिसची अरण्ये वाढली, दलदलीत गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरचा कोळसा तो, सिंगरौलीचाही त्याच कुळातला. माझ्या लखनौच्या घरातला पंखा बहुधा त्यावरच फिरतो. एका बर्फाने मोकळ्या केलेल्या जमिनीवर जे उगवले ते जाळून आपण दुसरे बर्फ हटवतो आहोत. यात अधिक-उणे लावण्याजोगे फार थोडे आहे.

यंदाच्या गणेशोत्सवात मी पुन्हा बोलायला उभा राहिलो. त्या वेळची मुले आता गावोगाव गेली. समोर नवीच होती. तरी मी आधी २००९ ची दोन वाक्ये सांगितली, ती चूक होती हे सांगितले आणि कळूनही गप्प बसलो हेही. मग ऑडन, गोमुख, शारदेचा कालवा. शांतता वगैरे काही झाली नाही. मागे दोन मुले मोदकांवरून भांडत होती.

कार्यक्रम संपल्यावर चौकातले एक वृद्ध गलाईवाले आप्पा जवळ आले. सांगलीकडचे, पन्नास वर्षे इथे सोने गाळताहेत. म्हणाले, "आमच्या धंद्यात टंच सांगून माल द्यावा लागतो. बावीसला चोवीस म्हटलं की गिऱ्हाईक परत येत नाही."

मी म्हटले, "तेच माझं झालं, आप्पा."

"व्हय. पण बावीसला पितळ म्हणणाराही असतो. त्याचंही ऐकू नये." मग थोडे थांबून म्हणाले, "त्या वेळी माझी नात होती समोर. तिला फोन करून सांगा. ती अजून धरून बसली असंल."

त्यांनी नंबर लिहून दिला आहे. आज संध्याकाळी फोन करणार आहे.